अंदाजात न धरलेले नाते

ज्या गावांत मामा भाचीशी लग्न करतो, त्या गावांत जन्मलेली शंभर बाळे आनुवंशिक हिशेबात नेमकी किती बाळे मानायची? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखनाला देता आलेले नाही. धारवाडच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणारे प्रभंजन आष्टेकर यांच्यापुढे तो नोव्हेंबर २००४ मध्ये, पुण्यातल्या एका बैठकीत आला. उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हते. पण ठाऊक नाही असे म्हणण्याऐवजी त्यांनी प्रश्नच निराधार ठरवला, आणि तसे करताना त्यांची पत्नी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती.

पुण्याच्या एका विश्वस्त संस्थेने दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक मिळून एक सार्वजनिक नाळरक्त बँक काढायचे ठरवले होते. बाळाची नाळ कापल्यावर नाळेत आणि वारेत जे रक्त उरते ते एरवी टाकून देतात. त्या रक्तातल्या पेशी रक्ताच्या कर्करोगासारख्या दुखण्यात रुग्णाची निकामी झालेली मज्जा पुन्हा उभी करू शकतात. अट अशी, की देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पेशींवरच्या वंशखुणा बऱ्याच अंशी जुळल्या पाहिजेत. या खुणांचा एक संच आईकडून येतो आणि दुसरा बापाकडून. खाजगी बँकेत लोक आपल्या बाळाचे रक्त आपल्यासाठी राखून ठेवतात. सार्वजनिक बँकेत कोणीही द्यावे आणि ज्याला जुळेल त्याने घ्यावे असा रिवाज असतो. म्हणून अशा बँकेपुढे पहिला प्रश्न येतो तो आकाराचा. नाळरक्ताच्या पिशव्या थोड्या साठवल्या तर आशेने आलेला रुग्ण रिकाम्या हाताने परत जातो. भाराभर साठवल्या तर त्या वर्षानुवर्षे गोठलेल्या पडून राहतात आणि त्या जपण्यातच संस्थेची दमछाक होते. आरंभी दर नव्या पिशवीगणिक जुळणीची शक्यता झपाट्याने वाढते, पुढे ती वाढ मंदावत जाते. कुठे थांबायचे हे सांगायला संस्थेला संख्याशास्त्राचा माणूस हवा होता. मराठी आणि कन्नड दोन्ही मुलुखांत वावरलेला असेल तर फारच उत्तम. आष्टेकरांचे नाव त्यातून पुढे आले.

आष्टेकरांचे आजोबा सांगलीकडच्या आष्ट्याहून धारवाडच्या कोर्टात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडण जुंपले की दोन्हींची मिसळ, असा या घराचा व्यवहार होता. सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचे राहते घर. प्रभंजनांहून आठ वर्षांनी मोठी बहीण शकुंतला हुबळीला दिली होती. तिला ते अक्का म्हणत. अक्काला मुलगी झाली, श्रीलक्ष्मी, तेव्हा बारशातच कोणीतरी म्हणाले की मामाची सोय झाली. या भागात अनेक जातींत भाचीवर पहिला हक्क मामाचा मानतात, आणि मामा नको म्हणाला तरच मुलीसाठी बाहेर स्थळ पाहतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

वावगे वाटू शकते हे प्रभंजनांना १९७७ साली पुण्यात कळले. एम.एस्सी.साठी ते तिथे वसतिगृहात राहत होते. एकदा मेसमध्ये जेवताना, अक्का थट्टेत लक्ष्मी तुझीच म्हणते, असे ते सहज बोलून गेले. समोर बसलेल्या प्रशांत नावाच्या वर्गमित्राने घास हातातच धरला.

"म्हणजे बहिणीच्या मुलीशी लग्न? आणि मग ती रुसली की जाणार कुठे, आष्टेकर? माहेरी गेली तरी तुझ्याच अक्काकडे."

सारी पंगत हसली. प्रभंजनही हसले. प्रशांतच्या बोलण्यात विष नव्हते, पुढे वर्षभर दोघे एकाच खोलीत राहिले. तरी त्या दिवशी आपण का हसलो हे प्रभंजनांना सलत राहिले. आपल्या घराची गोष्ट दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहून आपणच हसलो, एवढेच त्यांना उमगले, आणि तेव्हापासून पुण्यात त्यांनी घरचा विषय काढला नाही.

लग्न १९८३ साली झाले. कोणी गळ्यात मारले म्हणून त्यांनी ते केले, असे मुळीच नव्हते. श्रीलक्ष्मी वीस वर्षांची होती, बी.ए. झाली होती, हसरी होती, आणि त्यांना ती मनापासून आवडत होती. पुण्याच्या एकाही मित्राला पत्रिका गेली नाही. श्रीलक्ष्मींनी लग्नानंतर महिनाभर जीभ चावत चावत "मामा"चे "अहो" केले. १९८६ मध्ये त्यांना दिवस गेले तेव्हा आष्टेकरांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून, मामा-भाचीच्या अपत्यात कुठलीही एक आनुवंशिक जोडी दोन्हीकडून एकाच पूर्वजाची येण्याची शक्यता किती, याचे गणित मांडले. आठात एक. ते गणित त्यांनी फाडून टाकले आणि घरी काही सांगितले नाही. वेदश्री धडधाकट जन्मली. तेव्हा त्यांना आनंदाच्या बरोबरीने, चोरी करून सुटल्यासारखे काहीतरी वाटले होते.

बँकेच्या कामासाठी हुबळी-धारवाडच्या दोन प्रसूती रुग्णालयांत चाचणी म्हणून नमुने गोळा करायचे होते. बाळंतिणींशी बोलायला, कशासाठी रक्त हवे ते समजावून संमती घ्यायला एखादी बाई हवी होती. श्रीलक्ष्मींनी ते काम आपणहून घेतले आणि त्यात त्यांचा जीव रमला. सकाळी त्या हुबळीला जात, दुपारी तिथल्याच उणकल भागात आईकडे जेवत आणि संध्याकाळी परतल्या की वॉर्डातल्या गोष्टी सांगत. कोणाची सासू नाळ द्यायला तयार नव्हती, कोणी रक्त विकता का म्हणून विचारले, कोणाचा नवरा तिचा मामाच निघाला. आष्टेकर ऐकून घेत. एकदा त्या म्हणाल्या, "बायका आपण होऊन सांगतात, अहो. नातं विचारायचं का मी? तुमच्या कामाचं असेल."

"त्याची गरज नाही," आष्टेकर म्हणाले. "आपल्याला फक्त नमुने हवेत."

गरज होती, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांचे सारे गणित या गृहीतकावर उभे होते, की प्रत्येक पिशवी म्हणजे लोकसंख्येतून स्वतंत्रपणे उचललेला एक नमुना आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मुली आजोळीच दिल्या जातात, तिथे खुणांचे तेच ते संच घरातल्या घरात फिरत राहतात. अशा ठिकाणच्या शंभर पिशव्या शीतपेटीत शंभरच दिसतात. पण रुग्णाच्या उपयोगाला त्या ऐंशीच्या बरोबरीच्या की साठाच्या, हे मोजल्याशिवाय कळत नाही. शिवाय ज्या घराण्यांच्या पिशव्या भरपूर, त्यांच्या रुग्णाला चटकन जुळणी मिळेल आणि शेजारच्या जातीतला रुग्ण ताटकळेल. सरासरी मात्र चांगली दिसेल. हे सारे आष्टेकर विद्यार्थ्यांना दुसऱ्या उदाहरणांवरून दर वर्षी शिकवत असत.

बैठकीला त्यांनी जो अंदाज नेला तो सहा हजार पिशव्यांचा होता आणि संकलन त्याच दोन रुग्णालयांत करायचे होते. बाळंतिणींचा अनुभव सांगण्यासाठी संस्थेने श्रीलक्ष्मींनाही बोलावले होते. आष्टेकरांनी सगळ्यांशी ओळख करून दिली ती "माझ्या मिसेस" अशी. त्यांची मांडणी संपल्यावर संस्थेच्या रक्तविकारतज्ज्ञ डॉ. वैशाली गोगटे यांनी चष्मा काढून विचारले, "आष्टेकर सर, तुमच्या भागात मामा-भाचीची लग्नं होतात ना? ते या हिशेबात कुठे धरलंय? तिथली शंभर बाळं म्हणजे खरी किती?"

टेबलाच्या पलीकडून एक विश्वस्त हलकेच हसले. "अजून होतात? कमाल आहे."

ते हसणे कानावर पडले नसते तर आष्टेकर काय बोलले असते, कोण जाणे. ते म्हणाले, "ती आमच्या आजी-पणजीच्या काळातली पद्धत, मॅडम. शिकल्यासवरल्या घरांत आता ऐकायलाही मिळत नाही."

बोलून झाल्यावर त्यांना जाणवले की आपल्या डाव्या हाताला, अगदी कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, श्रीलक्ष्मी बसल्या आहेत. त्यांनी तिकडे पाहिले नाही. डॉ. वैशालींनी पाहिले. वॉर्डात तुम्ही असता, तुम्हाला काय दिसते, असे त्यांनी श्रीलक्ष्मींनाच सरळ विचारले.

श्रीलक्ष्मींनी पदर सारखा केला. "सरांचा अभ्यास आहे त्यात. मी नुसत्या सह्या घेते."

घरी त्यांना कधी त्या सर म्हणत नसत. जेवताना एका विश्वस्तांच्या पत्नीने त्यांना माहेर कुठले म्हणून विचारले. आष्टेकर ताट हातात घेऊन दोन हातांवर उभे होते; त्यांना सगळे ऐकू येत होते. माहेर हुबळीचे, उणकलला आई असते, असे श्रीलक्ष्मी म्हणाल्या. मग हे स्थळ ओळखीतूनच आले असेल, असे त्या बाई म्हणाल्या.

"हो. लहानपणापासूनची ओळख."

यात तसूभरही खोटे नव्हते. लाज राखली ती श्रीलक्ष्मींनी, आणि कोणाची राखली हे दोघांना ठाऊक होते. आष्टेकरांच्या ताटातली पुरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघे निघाले. सातारा गेल्यावर श्रीलक्ष्मींनी वेदश्रीच्या बारावीच्या क्लासचे काहीतरी विचारले आणि आष्टेकरांनी नको तेवढे लांब उत्तर दिले. निपाणीला बस थांबली. उतारू चहाला उतरले. श्रीलक्ष्मी उठल्या, पुढच्या आसनाच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या आणि आसपासच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मामा, चहा आणू?"

एकवीस वर्षांत त्यांनी ती हाक मारली नव्हती. त्यांच्या स्वरात राग नव्हता. लहानपणी सुट्टीत आजोळी आल्यावर त्या जशी मारत, तशीच ती होती. आष्टेकरांना मान वर करवेना. शेजारच्या प्रवाशाने त्या बाईंकडे आणि त्यांच्याकडे पाहून कौतुकाने म्हटले की भाची मोठी मायेची दिसते. आष्टेकरांनी होकारार्थी मान हलवली, आणि हीही कबुली नव्हेच, हे त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आले.

त्यानंतर घरात सारे यथास्थित चालू राहिले. श्रीलक्ष्मी वॉर्डात जात, पण संध्याकाळी तिथल्या गोष्टी सांगणे थांबले. आष्टेकर अहवाल लिहीत होते. गृहीतकांच्या यादीत त्यांनी एक वाक्य घातले: नमुन्यातील कुटुंबे परस्परांच्या नात्यातील नाहीत असे मानले आहे. मानले आहे, असे म्हटले की शास्त्राच्या दृष्टीने माणूस मोकळा होतो. ते वाक्य त्यांनी दोनदा खोडले आणि दोनदा पुन्हा लिहिले. श्रीलक्ष्मींना हाक मारून, वॉर्डात आता नातेही विचारत जा, एवढे सांगितले असते तर काम भागले असते. पण ते सांगायचे तर आधी दुसरे काहीतरी बोलावे लागले असते, आणि ते तोंडातून निघत नव्हते.

एप्रिल २००५ मध्ये डॉ. वैशाली संकलनाची व्यवस्था पाहायला हुबळीला यायच्या होत्या. ही बातमी उणकलला पोहोचताच शकुंतलाबाईंनी धाकट्या भावाला फोन करून सांगून टाकले की पाहुणीचे जेवण माझ्याकडे. आष्टेकरांनी वेळ नसल्याचे कारण पुढे केले. हॉटेलात जेवू, रुग्णालयाच्या समोरच आहे.

"हॉटेलात?" अक्का म्हणाली. "मुलगी माझी राबतेय त्या कामात, घर माझं दहा मिनिटांवर, आणि तू परगावच्या बाईला हॉटेलात नेणार? माझ्या हातचं तुला आत्ता आत्ता कडू लागायला लागलं काय रे, प्रभू?"

तसे नाही, असे ते म्हणाले. मग कसे, असे तिने विचारले. अक्काला पुण्याच्या बैठकीतले काहीच ठाऊक नव्हते. श्रीलक्ष्मींनी आईला अक्षरही सांगितले नव्हते. एक गोष्ट झाकायची तर आता बायकोपाठोपाठ बहीणही झाकावी लागणार, हे आष्टेकरांना फोन ठेवल्यावर लख्ख दिसले. तरी त्यांनी हॉटेल रद्द केले नाही.

रुग्णालयाच्या वॉर्डात डॉ. वैशाली खाटेखाटेशी थांबत होत्या. त्यांना कन्नड येत नव्हते, म्हणून श्रीलक्ष्मी दुभाष्याचे काम करत होत्या आणि आष्टेकर मागे उभे होते. खिडकीजवळच्या खाटेवर आदल्या दिवशी बाळंत झालेली एक तरुण मुलगी होती. नवरा कॉफीचा थर्मास घेऊन उशाशी उभा होता, वयाने बराच मोठा. सासर-माहेर एकाच गावचे का, असे डॉ. वैशालींनी विचारायला सांगितले. श्रीलक्ष्मींनी विचारले. मुलगी लाजली, नवऱ्याकडे बोट केले आणि म्हणाली, "एकाच घरचे म्हणा की. इवरु नम्म सोदरमाव री."

"काय म्हणतेय?" डॉ. वैशालींनी विचारले.

श्रीलक्ष्मींनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिले. पुण्याला जे त्यांनी स्वतःहून सावरून घेतले होते ते आज त्या सावरणार नव्हत्या, आणि उघडेही पाडणार नव्हत्या. "हे तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. या खेपेला त्यांनी सर म्हटले नाही.

आष्टेकरांनी खाटेच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवला. "ती म्हणते, नवरा तिचा सख्खा मामा आहे." थर्मास धरलेला माणूस मराठी समजत असावा, तो आनंदाने मान डोलवत होता. त्याच्याकडे पाहत आष्टेकर पुढे म्हणाले, "इथे हे सर्रास होतं, मॅडम. श्रीलक्ष्मी माझ्या थोरल्या अक्काची मुलगी. त्या दिवशी मी खोटं बोललो."

डॉ. वैशाली हसल्या नाहीत, अचंबाही त्यांनी दाखवला नाही. जे हसणे आष्टेकर गेली अठ्ठावीस वर्षे चुकवत आले होते ते झालेच नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कोणाशी लग्न केलं याच्याशी मला कर्तव्य नाही, सर. पण माहिती आहे ते नाही म्हणालात. आता मला तुमचे बाकीचे आकडेही परत तपासून घ्यावे लागतील."

वीस-बावीस वर्षे आकड्यांवर पोट भरलेल्या माणसाला याहून जिव्हारी लागेल असे दुसरे काही नव्हते. आष्टेकर म्हणाले, घ्यावेत.

"चला, जेवायची वेळ झाली," श्रीलक्ष्मी डॉ. वैशालींना म्हणाल्या. "आई वाट बघत असेल." हॉटेलचे नाव कोणी काढले नाही. आष्टेकरांना चला असे कोणी म्हटले नाही, तरी ते रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले. उणकलला शकुंतलाबाईंनी भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णेगायी आणि शेंगांची चटणी वाढली. वाढता वाढता भावाकडे हात करून त्यांनी पाहुणीला सांगितले, "हा माझा पाठचा. आणि जावईही हाच."

"हो, आत्ताच कळलं," डॉ. वैशाली म्हणाल्या.

"आत्ता?" शकुंतलाबाईंनी भावाकडे पाहिले. तो ताटात पाहत होता. त्या काय समजायचे ते समजल्या आणि त्यांनी त्याला दुसरी भाकरी न विचारताच वाढली.

धारवाडला परतताना बस अमरगोळला बाजार समितीजवळ बराच वेळ खोळंबली. पुढे मालट्रकांची रांग लागली होती. आष्टेकरांनी तेवढ्यात पुण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. चूक झाली, त्या माणसाच्या हसण्याने गडबडलो, असे काहीसे. श्रीलक्ष्मींनी ते पुरते ऐकून घेतले.

"लोक हसतात ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कॉलेजात माझ्याही मैत्रिणी होत्या. मी त्यांना हसू दिलं आणि पत्रिका दिली. पण माझ्यात लपवण्यासारखं काही आहे, हे तुम्हाला वाटत होतं तर मला लग्नाच्या आधी सांगायचं. मी अक्काची मुलगी म्हणूनच राहिले असते."

बस सुरू झाली.

सुधारित पाहणीत दोन्ही रुग्णालयांत आईबापांचे नाते विचारण्यात आले. विचारण्याचे काम श्रीलक्ष्मींनीच केले, पण आकडे त्या आता आष्टेकरांकडे न देता टपालाने थेट पुण्याला पाठवत. नात्यातल्या जोडप्यांचे प्रमाण आष्टेकरांनी कल्पिले होते त्याहून बरेच अधिक निघाले. अंदाज सहा हजारांवरून साडेआठ हजारांवर गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोनच रुग्णालयांवर विसंबून चालणार नाही, बेळगाव, गदग, सांगली आणि सोलापूर येथेही संकलन करावे, असे ठरले. तरी शंभर पिशव्यांची खरी किंमत किती, यावर समितीत अखेरपर्यंत एकमत झाले नाही; घराण्यागणिक आणि जातीगणिक ते उत्तर बदलत होते. आष्टेकरांनी सुधारित अहवालावर मुख्य लेखक म्हणून आपले नाव घालू नये अशी विनंती केली. डॉ. वैशालींनी ती लगेच मान्य केली, आणि ती इतक्या लगेच मान्य व्हावी याचेही आष्टेकरांना वाईट वाटले. पुढच्या बैठकांना श्रीलक्ष्मींना दरवेळी बोलावणे येई. त्या जात नसत. इथूनच कळवते, एवढे त्या लिहीत.

वेदश्रीला पुण्यात नोकरी लागली. जुलै २०१० मध्ये तिची खोली लावून द्यायला श्रीलक्ष्मी तिच्याबरोबर पुण्याला गेल्या आणि आठ दिवस राहिल्या. प्रभंजन आष्टेकर धारवाडलाच होते; याही वेळी त्यांना चला असे कोणी म्हटले नव्हते.